टेनिसची शिष्यवृत्ती : सही करण्याआधी जमाखर्च मांडा



या पानावर आपण सुताचे भाव, उधारीची वसुली आणि कराचे नियम यांविषयी वाचत असता. आज आम्ही टेनिसविषयी लिहीत आहोत, याचे आपल्याला नवल वाटेल. महाड-पोलादपूरच्या मुलांचे खेळ म्हणजे कबड्डी आणि क्रिकेट. आमची तालीम उर्दू शाळेत झाली आणि सारी उमर कापडाच्या गादीवर गेली. टेनिसची रॅकेट आम्ही आजवर हातात धरलेली नाही. तरीही या विषयाचे कागद आम्हाला वाचावे लागले. वाचल्यावर कळले की हा मामला खेळाचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. आपल्या भागातील कितीतरी घरांतील माणसे आखातात कमावतात, त्यांची मुले तिकडच्या शाळांत शिकतात आणि टेनिसही खेळतात. उद्या हा प्रश्न आपल्याही दारी येईल, म्हणून लिहितो आहोत.

गोष्ट कोठून सुरू झाली

आमचा एक भाचा मूळचा पोलादपूर तालुक्यातला. वीस वर्षांपासून कुवेतमध्ये नोकरीला आहे. त्याचा मुलगा तिकडे शाळेत टेनिस शिकला आणि चांगला खेळू लागला. मागच्या सुट्टीत भाचा गावी आला आणि थेट आमच्या दुकानात येऊन बसला. म्हणाला, "मामू, हायवेजवळची जमीन विकायची आहे. गिऱ्हाईक बघा." आम्ही कारण विचारले. मुंबईतील एका दलालाने सांगितले होते की मुलाला अमेरिकेतील कॉलेजात टेनिसवर शंभर टक्के शिष्यवृत्ती मिळेल, चारही वर्षे पैशाची चिंता नाही. दलालाची फी ६ लाख रुपये आगाऊ. शिवाय शिष्यवृत्ती मिळाल्यावर तिच्या रकमेवर १० टक्के.

आम्ही भाच्याला म्हटले, "बाबा, माल न बघता आगाऊ पैसे आपण भिवंडीच्या जुन्या व्यापाऱ्यालाही देत नाही. चार दिवस थांब. आधी हा धंदा कसा चालतो ते समजून घेऊ." त्या चार दिवसांचे चार आठवडे झाले. जे समजले ते खाली देत आहोत.

आपल्याकडचे कॉलेज आणि तिकडचे कॉलेज

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे जिमखाना फी, एक शारीरिक शिक्षण संचालक आणि आंतरमहाविद्यालयीन सामने. महाड-पोलादपूरची कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. चांगला खेळाडू विद्यापीठाच्या संघात जातो, तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत. २०२० पासून खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सही भरतात. प्रमाणपत्राचा उपयोग पुढे सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणात होऊ शकतो. पण कॉलेज खेळाडूचा शिक्षणाचा व राहण्याचा सारा खर्च उचलते, अशी पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही.

अमेरिकेत ती पद्धत आहे. तेथील कॉलेजांच्या खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संस्था पाहते. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्या व दुसऱ्या विभागातील कॉलेजे खेळावर शिष्यवृत्ती देऊ शकतात. तिसऱ्या विभागात खेळावर शिष्यवृत्ती नसते. तेथे मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. हार्वर्ड, येल यांच्या आयव्ही लीगमध्येही खेळाची शिष्यवृत्ती नाही. याखेरीज एनएआयए नावाची छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आहे; तेथे शिष्यवृत्ती मिळते. म्हणून 'अमेरिकेत शिष्यवृत्ती' असे कोणी म्हटले की पहिला सवाल हाच : कोणत्या विभागात?

या वाटेने आपली माणसे गेलेली आहेत, हेही खरे. महेश भूपती मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळला आणि १९९५ साली लेबननच्या अली हमादेहबरोबर त्याने दुहेरीचे कॉलेज विजेतेपद घेतले. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे एकेरीचा विजेता झाला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात खेळला. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली व खेळली आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक घेऊन आली. श्रीरामपूर काही मुंबई-पुणे नव्हे. तेव्हा दरवाजा आपल्यासाठी बंद नाही. मात्र दलाल सांगतो तितका तो सताड उघडाही नाही.

संघाची यादी कशी बनते

कॉलेजच्या टेनिस सामन्यात सहा एकेरी लढती आणि तीन दुहेरी लढती होतात. प्रत्येक एकेरीचा एक गुण. तीन दुहेरींपैकी दोन जिंकणाऱ्याला मिळून एकच गुण. एकूण सात गुण. ज्याने आधी चार मिळवले तो संघ जिंकला. म्हणजे संघाला रोज सहा चांगले खेळाडू लागतात. कोणी जखमी झाला, कोणी आजारी पडला, म्हणून आठ ते दहा जणांचा संघ ठेवतात. सातव्यापासून पुढचे बहुधा बाकावर बसतात.

या दहा जणांत पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी असतात. दरवर्षी दोन-तीन जण पदवी घेऊन बाहेर पडतात आणि तेवढ्याच जागा रिकाम्या होतात. त्या दोन-तीन जागांसाठी सारी दुनिया रांगेत उभी असते. पहिल्या विभागातील टेनिसपटूंत निम्म्याहून अधिक परदेशी आहेत : स्पेन, फ्रान्स, ब्राझील, जपान, कोठकोठचे. त्यात एका कॉलेजातून दुसऱ्यात बदली घेणारे अनुभवी खेळाडूही असतात. सतरा वर्षांच्या पोरापेक्षा एकवीस वर्षांचा तयार गडी प्रशिक्षकाला सोयीचा वाटतो.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. प्रत्येक कॉलेज आपल्या संघाची यादी इंटरनेटवर जाहीर करते. खेळाडूचे नाव, देश, तो कितव्या वर्षाला आहे, कोणत्या क्रमांकावर खेळतो, सारे त्यात असते. दुकानाचे माल-रजिस्टर भिंतीवर लावावे तसे. पुढच्या वर्षी किती जण जाणार हे कोणीही बाप बोटावर मोजू शकतो. यूटीआर नावाची एक मापपट्टी आहे, तिच्यावर जगभरच्या खेळाडूंचा दर्जा आकड्यात दिसतो. आपल्या मुलाचा आकडा आणि त्या संघातील पाचव्या-सहाव्या खेळाडूचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. आपला आकडा फार खाली असेल तर त्या कॉलेजाच्या दारात वेळ घालवू नये. या कामाला दलाल लागत नाही.

प्रशिक्षक म्हणजे मुनीम आणि खरेदीदारही

संघाला एक मुख्य प्रशिक्षक असतो आणि बहुधा एक किंवा दोन साहाय्यक. फिजिओ, व्यायामाचा शिक्षक आणि अभ्यासाचा सल्लागार हे लोक साधारणपणे कॉलेजच्या अनेक संघांत मिळून असतात. मुख्य प्रशिक्षक केवळ खेळ शिकवत नाही. कोणाला घ्यायचे, शिष्यवृत्तीचा किती हिस्सा कोणाला द्यायचा, प्रवासाचा पैसा कसा वाटायचा, हे तोच ठरवतो. म्हणून बोलणी थेट त्याच्याशी व्हावी लागतात.

पण प्रशिक्षक हा पगारी माणूस. संघ हरत राहिला तर त्याची नोकरी जाते. जिंकत राहिला तर मोठे कॉलेज त्याला उचलते. नवा प्रशिक्षक आपल्या पसंतीचे खेळाडू आणू पाहतो. तोंडी दिलेला शब्द माणसाबरोबर निघून जातो, कागद मागे राहतो. हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

खेळाडूच्या वेळेचेही माप आहे. हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास संघाचा सराव व सामने, दिवसाला ४ तास, आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी. प्रवासाचे तास यात धरत नाहीत. बाकीच्या वेळात पूर्ण अभ्यासक्रम करून ठरलेले मार्क राखावे लागतात. मार्क घसरले की खेळ बंद, आणि त्यामागोमाग शिष्यवृत्तीही धोक्यात.

पैसा येतो कोठून, जातो कोठे

टेनिसचा कॉलेज संघ स्वतः कमावत नाही. बहुतेक ठिकाणी सामन्याला तिकीट नसते. प्रशिक्षकांचे पगार, शिष्यवृत्त्या, प्रवास, हॉटेल, बंदिस्त कोर्टाचे भाडे, चेंडू आणि कपडे हा सारा खर्चच. जमेच्या बाजूला विद्यार्थ्यांची क्रीडा फी, जुन्या विद्यार्थ्यांच्या देणग्या, विद्यापीठाचे अनुदान आणि मोठ्या कॉलेजांत अमेरिकन फुटबॉल व बास्केटबॉल यांची कमाई. आपल्या दुकानात अस्तराचे कापड असते तसे हे आहे. त्यावर नफा नाही, पण साडीवाले व सूटवाले गिऱ्हाईक टिकावे म्हणून ठेवायचे. मंदी आली की मालक आधी असल्या मालावर हात फिरवतो. २०२० साली कोरोनाच्या टंचाईत आयोवा आणि मिनेसोटा या नावाजलेल्या विद्यापीठांनी पुरुषांचे टेनिस संघ बंद करण्याचे ठरवले. संघ श्रीमंत विद्यापीठाचा आहे, म्हणजे तो कायमचा आहे, असे समजू नये.

आता शिष्यवृत्तीचे माप पाहू. २०२५ पर्यंत पहिल्या विभागात पुरुषांच्या टेनिस संघाला साडेचार शिष्यवृत्त्यांची कमाल मर्यादा होती आणि महिलांच्या संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्यांची. मुलग्यांच्या साडेचारांचे तुकडे करता येत. साडेचार तागे आणि नऊ गिऱ्हाईक, तर प्रत्येकाला अर्धा तागा. म्हणून मुलग्यांत 'शंभर टक्के' हा अपवाद होता. मुलींना अधिक का? १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्याने शिक्षणसंस्थांना खेळातही मुलामुलींत भेदभाव करण्यास मनाई केली. अमेरिकन फुटबॉल एकटाच पुरुषांच्या ८५ शिष्यवृत्त्या घेत असे. तोल साधण्यासाठी इतर खेळांत मुलींचे माप वाढवले गेले. ज्यांच्या घरी मुलगी चांगली खेळते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिची वाट मुलग्यापेक्षा रुंद असू शकते.

६ जून २०२५ रोजी तेथील न्यायालयाने 'हाउस' नावाच्या खटल्यातील तडजोडीला मंजुरी दिली आणि १ जुलैपासून चित्र बदलले. जी कॉलेजे या तडजोडीत सामील झाली त्यांच्यावरील शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, त्याऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली : टेनिससाठी पुरुष १० आणि महिला १०. आता दहाही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. दलाल नेमके एवढेच सांगतो आणि थांबतो. पुढचे वाक्य असे की, 'देता येते' म्हणजे 'द्यावीच लागते' असे नाही. त्याच तडजोडीने कॉलेजांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटण्याची मुभा दिली, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलला जातो. तिजोरी तीच, वाटेकरी वाढले. तेव्हा टेनिसच्या वाट्याला जास्त येईल की कमी, हे प्रत्येक कॉलेजाला वेगळे विचारावे लागेल. जी कॉलेजे तडजोडीत सामील झाली नाहीत, तेथे जुनेच माप.

आमचा कच्चा हिशेब

भाच्याला आम्ही रोजमेळाच्या पानावर हिशेब मांडून दिला. समजा, एका कॉलेजाचा वर्षाचा एकूण खर्च ५०,००० डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ४५ लाख रुपये. अर्धी शिष्यवृत्ती मिळाली तर साडेबावीस लाख कॉलेजचे आणि साडेबावीस लाख आपले. चार वर्षांचे आपले ९० लाख. फी दरवर्षी वाढते आणि रुपया घसरतो, ते वेगळे. विमानाचे भाडे, आरोग्य विमा, उन्हाळी सुट्टीतील राहणे, यांपैकी शिष्यवृत्तीत काय धरले आहे ते पाहावे लागते. शिवाय जेवण-राहण्यासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर तिकडे कर लागतो. परदेशी विद्यार्थ्याचा तो साधारणपणे १४ टक्के दराने कापला जातो.

मुलगा तिकडे कमावून भर घालील, असे भाचा म्हणाला. विद्यार्थी व्हिसावर कॉलेजच्या आवारातच आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. खेळ आणि अभ्यास सांभाळून तेवढे तास उरत नाहीत. २०२१ पासून अमेरिकन खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ लागले आहेत. परदेशी विद्यार्थ्याला मात्र व्हिसाच्या अटी आड येतात. अशी कमाई घेण्याच्या नादात व्हिसा गमावला तर सारेच गेले.

उरले कर्ज. ९० लाखांचे व्याजी कर्ज डोक्यावर घेऊन सतरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर आणि गुडघ्यावर सारा घरदार लावायचा का, हा सवाल आम्ही भाच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ गप्प बसला.

दलालाचे दहा टक्के

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सल्लागाराला फी देऊन व्हिडिओ बनवून घेणे, माहिती कॉलेजांकडे पाठवणे, याला एनसीएएची मनाई नाही. पण कॉलेजात जागा मिळवून दिल्यावर, शिष्यवृत्तीच्या हिशेबाने फी घेणे नियमात बसत नाही. अशा माणसाला खेळाडूचा एजंट समजतात आणि त्यामुळे मुलाची खेळण्याची पात्रताच जाऊ शकते. म्हणजे भाच्याने दहा टक्क्यांच्या त्या कागदावर सही केली असती तर पैसे तर गेलेच असते, शिवाय जो माल घ्यायचा होता तोच नासला असता.

आम्ही दलालाला फोनवर विचारले, "साहेब, हे दहा टक्के नियमात बसतात का?" तो म्हणाला, "चाचा, सगळे असेच करतात." आम्ही विचारले, "मग शंभर टक्क्यांची हमी कागदावर द्या." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

कागद न वाचण्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडच्या बाजारात पाणी भरले आणि आमचे तागे चिखलात गेले. विम्याचा कागद होता. पण पुराचे कलम त्यात आहे की नाही, हे आम्ही सही करताना पाहिले नव्हते. पाणी ओसरल्यावर पाहिले. तेव्हापासून बारीक अक्षर आधी वाचतो.

काय करावे

१. नववीपासूनच शाळेच्या विषयांवर लक्ष ठेवावे. पहिल्या विभागासाठी एनसीएए ठरावीक मूळ विषयांतील मार्क पाहते आणि पात्रतेची नोंदणी तिच्या केंद्रात करावी लागते.

२. शाळा संपल्यावर 'एक वर्ष फक्त टेनिस खेळू' असे परस्पर ठरवू नये. प्रवेश लांबवून स्पर्धा खेळत राहिल्यास कॉलेजकडून खेळण्याची वर्षे कमी होऊ शकतात. आपल्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेला नियम आधी पाहावा.

३. प्रशिक्षकांना मुलाने स्वतः पत्र लिहावे. सोबत सामन्याचा सलग व्हिडिओ, यूटीआर आणि मार्क. निवडक फटक्यांच्या चित्रफितीवर प्रशिक्षक भुलत नाहीत.

४. प्रशिक्षकाला चार गोष्टी लेखी विचाराव्यात : शिष्यवृत्ती किती रकमेची, किती वर्षांची, जखमी झाल्यास काय, आणि तुम्ही कॉलेज सोडल्यास काय. अनेक शिष्यवृत्त्या एका वर्षाच्या असतात आणि दरवर्षी नव्याने द्याव्या लागतात. बहुवर्षीय कागद मिळत असेल तर तोच मागावा.

५. छोट्या कॉलेजांकडे आणि तिसऱ्या विभागाकडे तुच्छतेने पाहू नये. मार्क चांगले असतील तर तेथील अभ्यासाची मदत मोठ्या कॉलेजच्या तुकडा शिष्यवृत्तीपेक्षा जास्त भरू शकते.

६. टेनिस काढून टाकले तरी ती पदवी घेण्याजोगी आहे का, हे विचारावे. खेळ चार वर्षांचा, पदवी उमरभराची.

शेवटी

भाच्याने जमीन विकली नाही. मुलाने आमच्या दुकानाच्या माळ्यावर बसून चाळीस प्रशिक्षकांना स्वतः पत्रे लिहिली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. सहा जणांनी दिले. त्यांतील दोघे अजून बोलत आहेत. एक छोटे कॉलेज खेळाचे थोडे आणि मार्कांचे थोडे असे मिळून निम्म्याहून अधिक खर्च उचलण्याची गोष्ट करते आहे. कागद आलेला नाही. कागद आल्यावर पुन्हा गादीवर बसून रोजमेळ उघडू. हिशेब बसला तर मुलगा जाईल, इन्शाअल्लाह. नाही बसला तर पुण्या-मुंबईतही कॉलेजे आहेत आणि टेनिसची कोर्टेही आहेत.

मुलाने जाताना आम्हाला विचारले, "तुम्हाला वाटते का, मी तेवढा चांगला खेळतो?" आम्ही म्हटले, "बेटा, आम्हाला कापड कळते, टेनिस कळत नाही. पण चाळीस पत्रे तू स्वतः लिहिलीस, ते आम्ही पाहिले."